घरच्या थिएटरला एचडीएमआय स्विच कोणता घ्यावा? (जुना ५.१ ॲम्प टाकायचा नाहीये)

जुळेसोलापूरकर

मंडळी मदत पाहिजे. हॉलमध्ये ४३ इंची ४के टीव्ही आहे, त्याला मागं एचडीएमआय तीन, त्यातला एक आर्कवाला (म्हणजे ज्यातनं टीव्हीचा आवाज उलटा बाहेर पण येतो). आता सामान बघा, डिशचा सेटटॉप बॉक्स, फायर स्टिक ४के, पोराचा पीएस४ स्लिम, कधीमधी ऑफिसचा लॅपटॉप, आणि वडलांचा जुना डीव्हीडी प्लेयर जो ते काढू देत नाहीत कारण नाटकांच्या आणि भजनांच्या डीव्हीडी डबाभर पडल्यात. आवाजाला असेंबल ५.१ ॲम्प आहे (पाच स्पीकर आणि एक वूफर), कॉलेजात असताना नव्या पेठेतनं पार्ट आणून मित्राकडनं बांधून घेतलेला, आठ इंची वूफरसकट. त्याला मागं फक्त आरसीए (लाल-पांढऱ्या वायरीची गोल भोकं), सहा चॅनेलची सहा भोकं आणि दोन स्टिरिओ इनपुट. ऑप्टिकल नाही, एचडीएमआय नाही.

सध्या टीव्हीच्या हेडफोन जॅकमधनं वायर काढून ॲम्पच्या स्टिरिओ इनपुटला दिलीय. मागचे दोन स्पीकर नुसते शोभेला आहेत. आणि एक वायर काढून दुसरी लावायला रोज टीव्हीच्या मागं हात घालायचा, बायको म्हणते ज्या दिवशी टीव्ही पडेल त्या दिवशी मी माहेरी.

ऑनलाइन बघितलं तर स्विच तीनशे रुपयापासनं पाच हजारापर्यंत आहेत आणि झाडून सगळ्यांवर ४के लिहिलंय. फरक काय ते कळंना. बजेट चार-पाच हजार. कोणता घेऊ?

सत्तरफुटी

एचडीएमआय २.१ वालाच घे बे डायरेक्ट. ८के, १२० हर्ट्झ, पुढची दहा वर्षं बघायला नको.

विजापूरवेस

पीएस४ स्लिम १०८०पी च्या वर जात नाही आणि टीव्ही ६० हर्ट्झचा असणार. २.१ घेऊन काय त्याला हळदीकुंकू लावायचं का.

सोल्डरगन

जुळेसोलापूरकर, स्विच कोणता हे नंतर. आधी आवाज कुठनं काढायचा ते ठरवा. बहुतेक लोक पोर्ट मोजतात, चार मशिनी म्हणून चार पोर्टचा स्विच आणतात, चित्र झकास दिसतं आणि आवाज आहे तिथंच राहतो, कारण स्विचमधनं निघालेली एकच वायर टीव्हीत जाते आणि आवाज पण तिच्यासोबत टीव्हीतच जाऊन बसतो.

तुमच्याकडं दोन रस्ते आहेत. एक, सगळं टीव्हीत घालायचं आणि टीव्हीच्या ऑप्टिकलमधनं किंवा आर्कमधनं आवाज बाहेर काढायचा. ऐकायला सोपं वाटतं पण बऱ्याच टीव्ही, विशेषतः जुन्या आणि स्वस्तातल्या, बाहेरच्या एचडीएमआयवरनं आलेला ५.१ आवाज ऑप्टिकलला देताना दोन चॅनेलचा करून देतात. टीव्हीतल्या ॲपचा ५.१ येतो, बॉक्सचा येत नाही. शिवाय डीटीएस (डॉल्बीसारखाच ५.१ आवाजाचा दुसरा प्रकार) असेल तर ब्रँडवर आहे, सॅमसंगनं २०१८ पासनं टीव्हीतनं डीटीएस काढून टाकलं, एलजीनं २०२० ला काढलं आणि २०२३ ला काही मॉडेलमध्ये परत आणलं. पेनड्राइव्हवरचा पिक्चर लावला आणि चित्र आलं, आवाज नाही, असं झालं की समजायचं हेच.

दुसरा रस्ता, आवाज टीव्हीत शिरायच्या आधीच काढून घ्यायचा. त्यासाठी स्विच आणि ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर एकत्र असलेला डबा मिळतो, चार एचडीएमआय आत, एक बाहेर, आणि बाजूला ऑप्टिकल आणि साडेतीन एमएमचा जॅक. मी तुमच्या जागी असतो तर हाच घेतला असता. तरी आधी टीव्हीचं मॉडेल सांगा.

आणि ते ४के चं गौडबंगाल. एचडीएमआय १.४ हे २००९ चं, त्यातनं १०.२ गीगाबिट जातं. त्यात पण ४के बसतं, पण सेकंदाला ३० फ्रेमनं. म्हणून तीनशेच्या डब्यावर ४के लिहिलं तर खोटं नाही. २.० आलं २०१३ ला, १८ गीगाबिट, त्यात ४के ६० फ्रेमनं जातं. पिक्चर २४ फ्रेमचा असतो त्यामुळं तिथं फरक लवकर कळायचा नाही, क्रिकेट लावलं की बॉल धक्के खात जातो आणि फायर स्टिकचा मेन्यू सरकवताना पण अडखळतो. डब्यावर १८ गीगाबिट आणि एचडीसीपी २.२ (चित्राची चोरी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप) हे दोन्ही लिहिलेलं बघा. एचडीसीपी २.२ नसलं तर ४के ओटीटी गपचूप १०८०पी वर येतं नाहीतर स्क्रीन काळी.

पुण्यात_अडकलेला

एवढा उपद्व्याप कशाला? साउंडबार घ्या, एक वायर, विषय संपला. मी घेतला, शेजारी पण खूश.

अशोकचौक

तुम्ही पुण्यात राहता मालक, शेजारी भिंतीला चिकटून आहेत. आमच्याकडं दिवसभर कारखान्यात मागाचा खडखडाट ऐकलेला माणूस रात्री साउंडबारवर कसा भागवंल. आठ इंची वूफर हाय तर तोच वाजू द्या की.

पुण्यात_अडकलेला

हाहा मान्य. पण वहिनींचं मत विचारा एकदा.

कडकभाकरी

वहिनींच्या वतीनं मी बोलते, कारण आमच्या घरी हेच रामायण झालंय. आमच्या ह्यांनी आणलेला स्विच ऑटो होता. म्हणजे जी मशीन चालू कराल त्यावर आपोआप जायचं. प्रत्यक्षात काय, सेटटॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी आतनं पूर्ण बंद होत नाही, एचडीएमआयच्या पिनवर ५ व्होल्ट देतच राहतो, आणि फायर स्टिक तर कधी झोपतच नाही. त्यामुळं स्विचला कळेचना की कोण खरंच चालू आहे. मी मालिका बघत असताना मध्येच स्टिकचा स्क्रीनसेव्हर, डोंगर नि समुद्र. सासूबाई म्हणाल्या, ही जाहिरात फार वेळ चालली.

तेव्हा ऑटो बंद करता येतो का ते बघा, आणि रिमोट असलेलाच घ्या. रिमोटचा डोळा डब्याच्या तोंडावर असतो आणि डबा आपण टीव्हीच्या मागं कोंबतो, मग रिमोट चालत नाही म्हणून बोंब. काही डब्यांना डोळ्याची वेगळी वायर लावायला भोक असतं, ती वायर टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवून टाका.

आणि सीईसी नावाचा प्रकार असतो ज्यानं टीव्हीच्या रिमोटवरच सगळं चालतं. प्रत्येक कंपनीनं त्याचं वेगळं बारसं केलंय, सॅमसंगचं एनीनेट प्लस, सोनीचं ब्राव्हिया सिंक, एलजीचं सिम्पलिंक. स्वस्त स्विच मध्ये आला की हे बऱ्याचदा तुटतं. हे घेतानाच विचारा, नंतर दुकानदार ओळख दाखवत नाही.

जुळेसोलापूरकर

ताई तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

सोल्डरगन काका, टीव्ही सहा वर्षं जुना आहे, ऑप्टिकल आहे त्याला. मॉडेल नंबरचं स्टिकर उन्हानं पुसलंय, पण पीएस४ वर गेम लावून ऑप्टिकलची सेटिंग बघितली तर नुसतं पीसीएम (न दाबलेला साधा आवाज) दाखवतंय, डॉल्बीचा पर्याय करडा पडलाय. म्हणजे तुमचा पहिला रस्ता बंद असं समजू ना? पण मला एक सांगा, डब्यातनं ऑप्टिकल निघालं तरी माझ्या ॲम्पला ऑप्टिकल कुठंय? सहा आरसीए आहेत.

सोल्डरगन

होय, बंदच समजा.

मध्ये डिकोडर लागणार. नव्या पेठेत ५.१ डिकोडर म्हणून मागा, लहान डबा असतो, आत ऑप्टिकल आणि कोॲक्सियल, बाहेर सहा आरसीए. तो डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस उघडतो आणि सहा चॅनेल सहा वायरीनं तुमच्या ॲम्पला देतो. मग ते मागचे दोन स्पीकर कामाला लागतील. आधी तुमच्या ॲम्पच्या सिलेक्टरवर ५.१ नावाची जागा आहे आणि त्यावर सहाही चॅनेल वेगळे वाजतात हे तपासा. मोबाइलवर गाणं लावा, एकेक आरसीए त्या भोकात घाला आणि ऐका. काही असेंबल बोर्डांवर सेंटर आणि वूफरची भोकं अदलाबदल असतात, लिहिलेलं एक, वाजतं दुसरं.

लोक म्हणतील ऑप्टिकल जुनं झालं, त्यातनं ॲटमॉस जात नाही, ट्रूएचडी जात नाही. खरंय, नाही जात. त्याला ईआर्क (आर्कचाच नवा, मोठा प्रकार) किंवा थेट एचडीएमआय लागतं. पण तुमच्याकडं छताला स्पीकर नाहीत आणि चार मशिनीतनं जे येणार ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस, ऑप्टिकलला तेवढं पुरतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यापायी निम्मे डबे दुकानात परत जातात. एक्स्ट्रॅक्टरवर एक बारीक सरकवायचं बटण असतं, त्यावर साधारण पास, २सीएच, ५.१ असं लिहिलेलं. ते ईडीआयडीचं. म्हणजे काय, फायर स्टिक चालू झाली की पहिल्यांदा समोरच्याला विचारते बाबा तुला काय काय झेपतं? बटण पास वर असलं तर उत्तर टीव्ही देतो, आणि टीव्ही म्हणतो मला दोनच चॅनेल झेपतात. स्टिक बिचारी दोनच पाठवते आणि आपण डिकोडरला शिव्या देत बसतो. बटण ५.१ वर सरकवा, मग उत्तर डबा देतो. बटण बदलल्यावर सगळ्या मशिनी एकदा बंद करून चालू करा, नाहीतर त्यांना जुनंच उत्तर लक्षात असतं. ५.१ वर आवाज टीव्हीला पण तसाच जातो, काही टीव्ही त्यावर गप्प राहतात, ॲम्प लावलेला असताना त्याची फिकीर नाही.

त्याच्यापुढं प्रत्येक मशिनीच्या सेटिंगमध्ये जायचं. पीएस४ ला आवाज मुळात लिनियर पीसीएमवर असतो, तो ऑप्टिकलमधनं दोनच चॅनेलचा जाऊ शकतो, तेव्हा बिटस्ट्रीम डॉल्बी निवडा. फायर स्टिकला डॉल्बी डिजिटल करा, प्लस नको. प्लस ऑप्टिकलमधनं जात नाही, पाठवलं तर एकतर शांतता नाहीतर खरखर. सेटटॉप बॉक्सला पण मेन्यूत डॉल्बी चालू करावं लागतं, आणि ५.१ सगळ्या चॅनेलवर नसतंच.

सत्तरफुटी

काका हे पीएस४ चं मला आज कळलं. माझा जुना जाडा पीएस४ हाय, त्याला मागं ऑप्टिकल दिसतंय. मग मला एक्स्ट्रॅक्टर नको का?

सोल्डरगन

नको. जाड्याला आणि प्रोला ऑप्टिकल आहे, फक्त स्लिमचं काढलंय. थेट डिकोडरला लाव.

विजापूरवेस

मी जरा वेगळं सांगतो. हे सगळं म्हणजे एक डबा, दुसरा डबा, दोन अडॅप्टर, तीन रिमोट. थोडे पैसे साठवून एव्ही रिसीव्हर का घेत नाही? स्विच त्यातच असतो, डिकोडर त्यातच, ॲम्प पण त्यातच. सोनीचा एसटीआर-डीएच५९० बघा, चार एचडीएमआय आत, एक बाहेर, आर्क आहे. त्याला पुढं टीव्ही बदलला तरी काही बदलावं लागत नाही. फक्त सेटिंगमध्ये स्टँडबाय पासथ्रू चालू करा, म्हणजे रिसीव्हर बंद असताना पण सकाळी वडलांना टीव्हीवर भजन बघता येईल.

जुळेसोलापूरकर

दादा तो बजेटच्या कितीतरी पट जातो. आणि माझे स्पीकर?

सोल्डरगन

विजापूरवेस यांचं म्हणणं चूक नाही, पैसे असतील तर रिसीव्हरच. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. असेंबल सेटचा वूफर पॅसिव्ह असतो, त्याला ताकद ॲम्पच देतो. कंपनीच्या रिसीव्हरला वूफरसाठी स्पीकर वायरची जागाच नसते, एक आरसीए असतो आणि त्यातनं नुसता सिग्नल येतो. म्हणजे रिसीव्हर आणला की हा आठ इंची मुका. त्याला एकतर पॉवर्ड सबवूफर घ्या, त्याचे पैसे वेगळे, नाहीतर जुना ॲम्प फक्त वूफरपुरता ठेवा, रिसीव्हरच्या सबच्या आरसीएतनं वायर काढून जुन्या ॲम्पच्या सबच्या भोकात. चालतं मस्त. स्पीकर किती ओहमचे ते पण मागं वाचा, असेंबल सेटला चार ओहमचे सर्रास लावतात आणि रिसीव्हरवर सहा ते सोळा असं काहीतरी छापलेलं असतं. चारचे लावून लग्नाच्या वरातीसारखं वाजवलं तर रिसीव्हर तापून बंद पडतो.

बाळीवेस_टू_बाणेर

वाचनखूण साठवलीय. माझा एक प्रश्न, धागा पळवत नाही, थोडा जवळचाच आहे. होटगी रोडला घराचं काम चालू आहे, वरच्या खोलीत प्रोजेक्टर लावायचा विचार आहे. वायरमन म्हणतो भिंतीत पाऊण इंची पाइप टाकतो, बास होईल. होईल का?

अशोकचौक

नाय होत. एचडीएमआयचं डोकं जात नाय पाऊण इंचीतनं, वायर जाते. आमच्या भावानं भिंत फोडून परत बांधली. सव्वा इंची तरी टाक, आणि काटकोनात एल्बो नको, लांब बेंड घ्यायला लाव. आत ओढायला नायलॉनची दोरी आधीच ठेवून दे, प्लास्टर झाल्यावर देव आठवतो.

सोल्डरगन

बरोबर. आणि प्रोजेक्टरपर्यंत दहा मीटर तरी होणार. साधी तांब्याची एचडीएमआय १८ गीगाबिटला पाच मीटरच्या पुढं भरवशाची नाही, चित्रात पांढरे ठिपके चमकतात नाहीतर मध्येच जाऊन येतं. लांब असेल तर एचडीएमआयची फायबर केबल घ्या, ॲक्टिव्ह ऑप्टिकल म्हणतात. तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. भिंतीत ओढायच्या आधी टोक कुठलं कुठं ते बघा आणि जमिनीवर पसरून एकदा चालवून बघा. आणि ती जोरात वाकवायची नाही, आत काच आहे.

अशोकचौक

मूळ धाग्यावर येतो. मालक, हम येतोय का तुमच्या ॲम्पला? म्हणजे कायम घूंऽऽ असा आवाज, गाणं बंद असलं तरी?

जुळेसोलापूरकर

येतो की ओ! तुम्हाला कसं कळलं? लॅपटॉपचा चार्जर लावला की वाढतो.

अशोकचौक

सोलापुरात येणारच. उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक, अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कुणी बघत नाय, त्यात पाणी घालायचं असतं हे पण माहीत नसतं. एका मशिनीची अर्थिंग इकडनं, केबलची तिकडनं, दोन्हीच्या मध्ये ॲम्प. ५० हर्ट्झ घूं घूं वाजतो. केबलवाल्याची किंवा डिशची गोल वायर सेटटॉप बॉक्समधनं काढून बघ, हम गेला तर चोर तोच. ऑप्टिकल लावलं की निम्मा त्रास तसाच जातो कारण त्यातनं उजेड जातो, करंट जात नाय.

आणि एक, टीव्हीच्या मागच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात का? दोन पिनवाल्या अडॅप्टरची असली बारीक गळती असते, टेस्टर लावला तर मिणमिण पेटतो. माणसाला काय होत नाय पण चालू मशिनीत एचडीएमआय घातली की ठिणगी पडून पोर्ट जातो. आमच्या गल्लीत असले मेलेले पोर्ट लई बघितले. बोर्डावरचं बटण बंद, पिना काढ, मग वायर लाव. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की डिशची वायर बॉक्सच्या मागनं काढून ठेव, स्पाइक गार्डच्या भरवशावर बसू नको, वीज त्या वायरीनं पण येते.

कडकभाकरी

पिनेचं खरंय. आमचा सेटटॉप बॉक्स असाच गेला, आणि बदलून देणाऱ्या माणसानं मुलावर घातलं की याने आपटला असेल.

जुळेसोलापूरकर

बरं आता डीव्हीडीचं सांगा. त्याला एचडीएमआय नाही. पिवळा-लाल-पांढरा आहे, शिवाय हिरवा-निळा-लाल आहे, आणि एक केशरी भोक आहे ज्याचं काय करतात ते मला आजवर माहीत नाही. दुकानदार म्हणाला एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या पाचशेचा, मग तो पण स्विचला लागेल.

सोल्डरगन

घेऊ नका. त्या डब्यात पिवळ्या वायरीचं चित्र आत जातं, जे आधीच सगळ्यात मिळमिळीत, आणि तो ते ताणून १०८०पी म्हणून बाहेर देतो. डीव्हीडीचं चित्र मुळात ७२० बाय ५७६, ते ताणायचं काम टीव्ही त्या डब्यापेक्षा बरं करतो. डीव्हीडी सरळ टीव्हीच्या एव्हीला लावा, स्विचच्या भानगडीत आणू नका. टीव्हीला हिरवा-निळा-लाल कंपोनंट असेल तर तो लावा, पिवळ्यापेक्षा चित्र फार स्वच्छ येतं.

एव्ही जर साडेतीन एमएमच्या एका भोकात असेल तर टीव्हीसोबत आलेलीच वायर वापरा. बाहेरनं आणलेल्या वायरीत आतल्या रिंगांचा क्रम वेगळा असू शकतो. चित्र काळंपांढरं, फाटलेलं आणि एका स्पीकरमधनं भर्रर्र असा आवाज आला तर तेच कारण. मग पिवळा, लाल, पांढरा आलटून पालटून लावून बघा, बहुतेकदा लाल वायरीतनं चित्र निघतं.

आणि ते केशरी भोक म्हणजे सोनं आहे हो. तो कोॲक्सियल डिजिटल. साधी आरसीए वायर घ्या आणि डिकोडरच्या कोॲक्सियलला लावा. डीव्हीडीवर ५.१ असेल तर सगळा मिळेल, टीव्हीला विचारायची गरजच नाही.

सत्तरफुटी

वडलांचं भजन ५.१ मध्ये. टाळ मागनं, पेटी पुढनं. वातावरण करून टाकणार काका.

विजापूरवेस

भजनाची डीव्हीडी स्टिरिओच असणार बाळा, टाळ पण पुढनंच.

जुळेसोलापूरकर

अपडेट. चार पोर्टचा स्विच आणला, एक्स्ट्रॅक्टरसकट, १८ गीगाबिट आणि एचडीसीपी २.२ छापलेला, रिमोट आहे, ऑटो बंद करता येतो. डिकोडर नव्या पेठेतच मिळाला. दोन्ही मिळून बजेटमध्ये बसलं, वर भेळेपुरते उरले. बटण ५.१ वर केलं, मशिनी बंद-चालू केल्या, आणि पीएस४ च्या गेममध्ये मागनं पावलांचा आवाज आला तेव्हा पोरगं खरंच मागं वळून बघितलं. डिकोडरवर डॉल्बीचा दिवा लागतो, तो बघायला मी उगाच दोनदा उठलो.

वडलांनी डीव्हीडी लावली, म्हणाले आवाज मोठा आहे, कमी कर.

आता नवीन दुखणं. फायर स्टिकवर पिक्चर लावला की ओठ आणि आवाज जुळत नाही. आवाज आधी येतो, तोंड नंतर हलतं. जुना पिक्चर डब केल्यासारखं वाटतं. आणि टीव्हीतली ॲप लावली तर ॲम्पमधनं आवाजच नाही.

सोल्डरगन

आवाज टीव्हीच्या आधीच काढून घेतलाय, तो लगेच पोचतो. चित्र मात्र टीव्हीत गेल्यावर टीव्ही त्याला घासूनपुसून दाखवतो, रंग, हालचाल गुळगुळीत करणं वगैरे, त्यात थोडा वेळ जातो. त्या एचडीएमआयला टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड लावा, घासणंपुसणं बंद होतं आणि चित्र लवकर येतं. रंग जरा फिके वाटले तर गेम मोडमध्येच हाताने वाढवा. तरी फरक राहिला तर डिकोडरच्या मागं किंवा रिमोटवर डिले लिहिलंय का बघा, त्यानं आवाज मागं ढकलता येतो. पुढं ढकलायचं बटण कुठंच नसतं, म्हणून आवाज आधी येणं हे बरं दुखणं.

टीव्हीच्या ॲपचा आवाज स्विचकडं कसा येणार, तो टीव्हीतच जन्मतो. डिकोडरला दुसरं ऑप्टिकल भोक आहे का? असेल तर टीव्हीचं ऑप्टिकल त्यात लावा आणि ॲप बघताना डिकोडरचा इनपुट बदला. स्विचच्या आउटला आर्क लिहिलं असेल तर ती वायर टीव्हीच्या आर्कवाल्याच पोर्टला घाला, मग तोच आवाज उलटा येऊन स्विचच्या ऑप्टिकलमधनं निघतो. नाहीतर सरळ, टीव्हीतली ॲप विसरा, सगळं फायर स्टिकवर बघा.

जुळेसोलापूरकर

गेम मोडनं जुळलं! दुसरं ऑप्टिकल पण आहे, लावलं. ॲपमधनं पण ५.१ चा दिवा लागतोय.

कडकभाकरी

डबे कपाटात बंद करून ठेवले नाहीत ना? आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२-४३ ला कपाटाच्या आतली हवा भट्टीसारखी होते, स्विच तापला की चित्र मध्येच जातं आणि सगळे वायरीवर संशय घेतात. मागची फळी कापून घ्या.

जुळेसोलापूरकर

कपाटातच आहेत ताई. सुताराला बोलावतो.

बाळीवेस_टू_बाणेर

काका शेवटचं एक. माझ्या प्रोजेक्टरला हाच स्विच चालेल? प्रोजेक्टरला ऑप्टिकल नाही, आर्क नाही, आत एक पुचाट स्पीकर आहे फक्त.

सोल्डरगन

चालेल, उलट प्रोजेक्टरला एक्स्ट्रॅक्टरशिवाय गत्यंतरच नाही. स्विच आणि डिकोडर खाली ॲम्पजवळ ठेवा, फायबर केबल फक्त चित्रासाठी वर जाऊ दे. ईडीआयडीचं बटण ५.१ वरच पाहिजे, प्रोजेक्टरला विचारलं तर तो स्टिरिओच सांगणार. स्विचला त्याचा स्वतःचा अडॅप्टर लावा, यूएसबीतनं किंवा बॉक्सवरनं वीज ओढायला लावू नका, फायबर केबलचं डोकं पण त्याच ५ व्होल्टवर चालतं आणि कमी पडलं की प्रोजेक्टरवर नो सिग्नल. पाइप टाकून झाला का?

बाळीवेस_टू_बाणेर

वायरमन उद्या येतोय. सव्वा इंची सांगितलाय, तो म्हणाला दीडच टाका, भाव जवळपास तोच आहे.

अशोकचौक

दीड टाक. आणि दोरी.